पाणी दिलं, पण ते पोलादाला टेकलं कधी?
सुमारे 850 अंशांना तापवलेला पोलादी शाफ्ट पाण्यात बुडवला की पाणी आधी त्याला टेकतच नाही! मध्ये वाफेचा पडदा उभा राहतो. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 मध्ये तापल्या लोखंडी चमच्यावरच्या थेंबाबद्दल हेच लिहिलं होतं. पडदा फाटला की उकळी फुटते आणि उष्णता झपाट्याने निघते.

पोलाद असं थंड होण्याच्या संगणकीय सिम्युलेशनची खरी कसोटी इथेच. पडदा सहसा कडा-कोपऱ्यांवर आधी फाटतो, त्यामुळे उष्णता-संक्रमणाचा गुणांक सगळीकडे एकच धरला तर उत्तर फसतं. म्हणून नमुन्यात थर्मोकपल बसवून थंड होण्याचा आलेख घेतात आणि उलट गणिताने तापमानागणिक बदलणारा गुणांक काढतात. मला यातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. शिवाय मार्टेन्साइट ही कठीण रचना तयार होताना पोलाद फुगतं. तेही मॉडेलमध्ये हवं, नाहीतर तड्यांचा अंदाज चुकतो.