तुतीच्या पानापासून हाडापर्यंत

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या रुईत घरोघरी तुतीच्या पाल्यावर रेशीम अळ्या पोसल्या जातात. कोष विकला जातो, धागा निघतो, साडी होते. पण याच धाग्यातून हाडातली पोकळी भरणारी सामग्रीही बनते, आणि ते मला साडीइतकेच मोलाचे वाटते.

धाग्याचा गाभा फायब्रॉइन या प्रथिनाचा असतो आणि त्यावर सेरिसिनचा डिंकासारखा लेप असतो. दोन्ही एकत्र शरीरात गेले तर सूज येऊ शकते, म्हणून कोष सोड्याच्या पाण्यात उकळून लेप काढतात. उरलेले फायब्रॉइन क्षाराच्या तीव्र द्रावणात विरघळवतात, मग क्षार काढून त्याचा स्पंजासारखा सांगाडा घडवतात.

खरी कसोटी पुढे आहे. छिद्रे एकमेकांना जोडलेली हवीत, तरच पेशी आत शिरतील, रक्तवाहिन्या वाढतील. सांगाडा नवे हाड भरेल तसा विरघळायला हवा. तो लवकर गेला तर पेशींचा आधार सुटतो, रेंगाळला तर हाडाची जागा अडते. प्रथिनाच्या साखळ्यांची घडी किती घट्ट बसवली, यावर हा वेग बराचसा ठरतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमाच्या अशा सांगाड्यांवर काम केले. त्यातूनच सेरिजेन ही कंपनी उभी राहिली.

बीडच्या विज्ञान महाविद्यालयांना एवढीच विनंती: प्रथिनांचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांच्या हातात आपल्याच शिवारातला कोष द्या.