सदतीस मीटरला एक मीटर

मुंबईहून निघालेली लोकल १२१ किलोमीटर धावते आणि कसाऱ्याला संपते. मोटरमन केबिन बदलतो, गाडी आली तशी परत जाते. नाशिकला जाणारे बाहेर येतात, शेअर टॅक्सी भरेपर्यंत वाट बघतात आणि घाट चढून जातात. कसाऱ्यापुढचं रेल्वे स्टेशन इगतपुरी. अंतर फक्त सोळा किलोमीटर. रूळ आहेत, तेही तीन पदरी. वर विजेची तार आहे. इगतपुरीपासून नाशिक रोड आणखी एक्कावन्न किलोमीटर. मग लोकल पुढे का जात नाही?

कल्याण-नाशिक लोकलची मागणी जुनी आहे. निवडणूक आली की ती ताजी होते. पण एखादी गाडी ‘शक्य आहे का’ हे तपासायचं म्हणजे नेमकं काय तपासायचं? हा प्रश्न हातात धरून घाटाकडे गेलात, तर थक्क व्हायची तयारी ठेवा.

सुरुवात एका आकड्यापासून करू. कसारा घाटात, म्हणजे जुन्या थळ घाटात, रुळांचा सगळ्यात तीव्र चढ आहे सदतिसाला एक. सदतीस मीटर पुढे जा, एक मीटर वर जा. रस्त्यावर एवढा चढ असला तर स्कूटरवाल्याला गिअरसुद्धा बदलावा लागत नाही. मग रेल्वेला त्याची एवढी धास्ती कशासाठी?

कारण रेल्वेची सगळी जादू सपाटीवर चालते. लोखंडी चाक लोखंडी रुळाला टेकतं ते जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेत. तिथे घर्षण इतकं कमी, की सपाट रुळावर एक टन वजन चालतं ठेवायला साधारण दोन किलोचा ओढा पुरतो. एक टनाला दोन किलो! लहान मूलही तेवढा जोर लावेल. आता तोच टन सदतिसाला एक चढावर आणा. हजार किलो भागिले सदतीस, म्हणजे सत्तावीस किलो तर नुसत्या चढाचेच. त्यात आधीचे दोन. ओढा दोनावरून एकोणतीसवर गेला, चौदा-पंधरा पट झाला. डोळ्यांना धड दिसतही नाही असा चढ रेल्वेला भिंतीसारखा उभा राहतो.

बावीस डब्यांची एक्स्प्रेस घ्या. डबा पंचावन्न टनांचा धरला तर बाराशे दहा टन, वर इंजिनाचे सव्वाशे. एवढं वर न्यायला अडतीस टनांहून जास्त ओढा हवा. इंजिन कितीही ताकदवान असो, त्याच्या चाकांची रुळावरची पकड त्याच्या वजनाच्या पाव ते तीन दशांश एवढीच. सव्वाशे टनांच्या इंजिनाला पस्तीस टन म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यापुढे मोटरमध्ये जोर असला तरी चाक जागच्या जागी गरगर फिरणार.

म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात. इगतपुरीपर्यंत ती इंजिनं मागून ढकलतात आणि तिथे सुटी होतात. पण मागूनच का? पुढे आणखी दोन इंजिनं जोडली तर काय बिघडलं? बिघडतं ते इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या कपलिंगचं. अख्ख्या गाडीचं ओझं त्या एका दुव्यावर येईल. आणि तो दुवा तुटलाच, तर मागचे डबे घाटातून उलटे निघतील. बँकर मागे असला की ताण वाटला जातो आणि डब्यांना पाठीमागे आधारही मिळतो. एकाच युक्तीत दोन धोके टळतात.

हे रूळ टाकले कधी? १ जानेवारी १८६५ रोजी कसारा-इगतपुरी मार्ग सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी हा घाट आखला. काम पुरं झालेलं पाहायला ते उरले नाहीत. साडेनऊ मैलांहून थोड्या कमी अंतरात ९७२ फूट चढाई. उपग्रह नाही, ड्रोन नाही, दुर्बीण आणि साखळी घेऊन माणसं कड्यांवर चढत होती. त्यांनी ठरवलेला सदतिसाला एक आज एकशे साठ वर्षांनंतरही प्रत्येक गाडीचा हिशोब ठरवतो.

आता गंमत बघा. एक्स्प्रेसला न झेपणारा हा घाट साध्या लोकलला झेपावा, असं गणित सांगतं.

एक्स्प्रेसचा सगळा जोर एकट्या इंजिनात असतो, लोकलचा गाडीभर विखुरलेला. बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार मोटर कोच असतात. गोमेसारखे तिचे पाय अंगभर पसरलेले. गाडीचं निदान एक तृतीयांश वजन अशा चाकांवर असतं, जी स्वतः ओढू शकतात. आषाढातला पाऊस धरा, रूळ ओले, पकड घसरून पंधरा टक्क्यांवर आलेली. एक तृतीयांशाचे पंधरा टक्के म्हणजे एकूण वजनाच्या पाच टक्के ओढा. लागतो किती? तीन टक्क्यांच्या आत! चारातला एक मोटर कोच बंद पडला तरी पावणेचार टक्के उरतात. बँकर नको, थांबा नको. एक अडचण आहे. लोकलच्या मोटरा दोन मिनिटं जोर आणि मग उसंत अशा कामाला सरावलेल्या. ताशी पन्नासच्या वेगाने घाट चढायचा तर अठरा मिनिटं सलग जोर लावावा लागतो. तापमान किती वाढतं, हे चाचणीतच कळतं.

हा नुसता कागदी हिशोब राहिलेला नाही. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत बँकरशिवाय हाच घाट चढते. नाव आणि खुर्च्या बाजूला ठेवल्या तर वंदे भारत लोकलच्याच कुळातली: सोळा डबे, त्यातल्या निम्म्यांना मोटरा. त्याआधी २०१९ मध्ये नाशिकमार्गे दिल्लीला जाणाऱ्या राजधानीला पुढे एक आणि मागे एक इंजिन लावून बँकरची गरज संपवली होती.

म्हणजे चढण्याचा प्रश्न सुटला. उतरण्याचं काय?

घाटमाथ्यापासून कसारा साधारण तीनशे मीटर खाली. ब्रेक नसलेली गाडी वरून सोडली आणि घर्षण विसरलो, तर तळाशी तिचा वेग किती असेल? ताशी सुमारे २७५ किलोमीटर. म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात. उतरणीच्या वाटेत एक फाटा, तोही चढावर जाणारा आणि पुढे बंद. सांधा एरवी त्या फाट्याकडेच वळवलेला असतो. लोको पायलटने आधी गाडी थांबवून दाखवायची, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं, मगच मुख्य मार्ग उघडतो. सुटलेली गाडी मात्र आपोआप चढावर जाऊन दमते. अविश्वासावर उभी राहिलेली इतकी सुंदर व्यवस्था मला दुसरी माहीत नाही.

उतरणीतली ऊर्जा वाया जाते का? भरलेली लोकल सातशे टनांची धरली, तर तीनशे मीटर उतरताना तिच्यातून सुमारे ५७० युनिट बाहेर पडतात. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची जवळजवळ सहा महिन्यांची वीज! मोटर उलटी वापरली की ती जनित्र होते, गाडीला रोखून धरते आणि तारेत वीज परत पाठवते. शेजारच्या रुळावर चढणारी गाडी त्यातली काही वापरते. ही युक्ती नवी वाटते ना? १९२८ पासून आलेली स्विस रचनेची लांबोडकी इंजिनं, ज्यांना रेल्वेतले लोक खेकडा म्हणायचे, तीही हे करायची.

आणि उतरण्याहून अवघड काय? थांबून राहणं. समजा भर घाटात वीज गेली. गाडी हवेच्या दाबावरच्या ब्रेकने उभी आहे, पण कॉम्प्रेसर बंद. हवा कुठून ना कुठून हळूहळू निसटतेच, आणि ती संपली की ब्रेक सैल. सपाटीवर याने काही होत नाही. घाटात होतं. यावरचा उपाय म्हणजे पार्किंग ब्रेक, आणि त्याची रचना उलटी आहे. इथे स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडवून धरते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी, ब्रेक घट्ट. बिघाडच रखवालदार होतो! २०१९ मध्ये कल्याण-नाशिकसाठी चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून जो खास रेक मुंबईत आणला, त्यात हाच बदल केलेला होता. नियमित लोकल मात्र सुरू झाली नाही.

का नाही? इथून पुढे यंत्रांचा प्रांत संपतो आणि वेळापत्रकाचा सुरू होतो. माझ्या मते खरा घाट हाच.

रेल्वेच्या नियंत्रण कक्षात एक आलेख असतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ खडी, संथ गाडीची कललेली, प्रत्येक थांब्यावर पायरी. एका रुळावर दोन रेघा एकमेकींना छेदू शकत नाहीत. आता नाशिक रोडहून देवळाली, लहवीत, अस्वली, पाडळी, घोटी असे थांबे घेत इगतपुरीला जाणारी लोकल या आलेखावर काढा. थांब्याला दोन-तीन मिनिटं, म्हणजे एक्स्प्रेसपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त. मागून दहा मिनिटांच्या अंतराने एक्स्प्रेस येत असेल, तर एक लोकल दोन गाड्यांची जागा खाते, किंवा बाजूच्या लूपवर मुकाट उभी राहते. हा मुंबई-हावडा आणि मुंबई-दिल्ली वाहतुकीचा मार्ग. त्यात ढकलणं संपवून रिकामे परत उतरणारे बँकरही याच आलेखावर रेघ मागतात. आणि पलीकडे कल्याण-कसारा पट्ट्यात आधीच लोकलची दाटी.

मग माणसांचे प्रश्न येतात. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. कल्याण-नाशिक सगळे थांबे घेत तीन तास लागले तर? म्हणून जाणकार लोकलऐवजी मेमू, म्हणजे लांब अंतरासाठीची लोकलसारखीच विजेची गाडी, सुचवतात. तिच्यात ती सोय असते. नाशिक रोड स्टेशन मूळ शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूर, हा तर जुनाच घोळ. त्यावर १८८९ मध्ये उत्तर काढलं होतं: स्टेशनपासून मेन रोडपर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम! १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आणि जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला आहे. तिथला पावणेआठ किलोमीटरचा बोगदा मोटारींना घाटाखालून काही मिनिटांत पार करतो. पंचवटी एक्स्प्रेसने १९७५ पासून नाशिकच्या पासधारकांना पहाटे उठण्याची सवय लावली. त्यातले किती जण आता रस्त्याकडे वळतील, हे मोजल्याशिवाय कोणताही अहवाल पुरा होणार नाही.

अशा तपासणीत कोण आडवं येईल याचा नेम नसतो. नाशिकच्या दुसऱ्या शेजाऱ्याचं, पुण्याचं उदाहरण घ्या. दोन्ही शहरांमध्ये थेट रेल्वे नाही. कल्याणवरून किंवा मनमाडवरून वळसा. म्हणून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकणमार्गे २३५ किलोमीटरचा, ताशी २०० किलोमीटर वेगाचा मार्ग आखला गेला. आणि त्याला आडवं आलं आकाश! नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटर परिसरात पसरलेल्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उतरलेल्या. त्या ऐकतात ते संकेत इतके क्षीण, की चंद्रावर एक साधा मोबाइल चालू ठेवला तर या दुर्बिणींना तो आकाशातल्या तेजस्वी स्रोतांपैकी एक वाटेल. आता शेजारून विजेची गाडी न्या. पँटोग्राफ तारेवर घासतो, बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा गोंगाट. रेल्वेमंत्र्यांनी हा मार्ग दुर्बिणीपासून दूर न्यायचं जाहीर केलं आणि आखणी शिर्डी-अहिल्यानगरकडे वळली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींसाठी संगमनेरची गाडी हुकली. संगमनेरकरांना हे कौतुकाने सांगायला जाऊ नका.

परत घाटाकडे येऊ, कारण लोकलची चावी तिथल्याच जागेत आहे. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गाचं, सुमारे सदुसष्ट किलोमीटरचं काम चालू आहे; ते झालं की खालची दाटी थोडी सुटेल. घाटासाठी विचार आहे तो शंभराला एक चढाच्या नव्या मार्गाचा. ओढा एकोणतीस किलोवरून बारावर येतो, बँकर लागत नाहीत, मालगाड्याही न रखडता चढतात, आलेखावरच्या रेघा खड्या होतात आणि लोकलला फट सापडते. पण चढ सौम्य करायचा म्हणजे काय, ते मोजून बघा. उंची तीच, सुमारे २९६ मीटर. शंभराला एकने ती गाठायला जवळजवळ तीस किलोमीटर रूळ हवेत, आणि आजचा घाट आहे पंधरा किलोमीटरचा. म्हणजे त्याच डोंगरात आणखी पंधरा किलोमीटर लांबी कुठून तरी काढायची: वळणं घेऊन, दऱ्या ओलांडून, बोगद्यांत शिरून. बर्कलींसमोरही हेच गणित होतं. त्यांच्याकडे बोगदे खणायला सुरुंगाची दारू आणि पहारी होत्या, म्हणून त्यांनी सदतिसाला एक पत्करला.