तिसऱ्या घंटेच्या आधी

दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका छोट्या नाट्यगृहाच्या दारात आम्ही धापा टाकत पोचलो, तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती आणि दार बंद झालं होतं. दोष आमचाच. सकाळी घारापुरी, दुपारी राणीची बाग आणि रात्री पार उपनगरात नाटक, असा बेत ह्यांनी कागदावर आखला होता. कागदावर लोकलला गर्दी नसते. तिकिटं हातात धरून आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायलो आणि पुणेकर सहसा करत नाहीत ते केलं. चूक कबूल केली.

सहल लहान झाली म्हणून शहर लहान होत नाही, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. गेटवेहून घारापुरीला लाँचने जायलाच तासभर लागतो. जाऊन-येऊन, लेणी बघून, अर्धा दिवस अक्षरशः पाण्यात.

म्हणून या वेळी उलटं केलं. आधी शनिवारच्या नाटकाची तिकिटं काढली आणि बाकीचं त्याभोवती बसवलं. नियम एकच ठेवला: नाट्यगृहापासून पायी किंवा एका बसने गाठता येईल तेवढंच बघायचं. नाटक नरिमन पॉइंटला, एनसीपीएत. तेव्हा दक्षिण मुंबई आपोआप ठरली. डेक्कन क्वीनने शनिवारी सकाळी १०.२५ला सीएसएमटीला उतरायचं आणि रविवारी संध्याकाळी ५.१०ला तिनेच परत यायचं. मधले पावणेएकतीस तास आमचे.

उतरलो ते सरळ बॅलार्ड इस्टेटला. तिथलं १९२३ सालचं ‘ब्रिटानिया’ सहसा दुपारपुरतंच उघडं असतं, त्यामुळे त्याचा क्रम पहिला. बेरी पुलावावरची ती आंबट, लाल, मनुकांहून बारीक फळं मूळची इराणची. जड जेवण दुपारीच उरकायचं, हाही या खेपेचा धडा. नाटकाआधी पोटभर जेवलं की दुसऱ्या अंकात ह्यांची मान कलते. मग खोलीवर जाऊन झोप. ती बेतातच लिहिली होती, त्यामुळे अपराधी वाटलं नाही.

एनसीपीएतलं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. त्याची आखणी अमेरिकी वास्तुकार फिलिप जॉन्सन यांची. माइकवाचूनही आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचावा, असा विचार करून ते बांधलेलं आहे. त्याच आवारातल्या प्रायोगिक रंगमंचावर आमचा मराठी प्रयोग होता. पहिल्या घंटेलाच आम्ही खुर्चीत. तिसरी झाली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती ह्यांनीच वाजवली होती. प्रयोगानंतर चर्चगेटला के. रुस्तमकडे दोन वेफरांमध्ये धरलेली आइस्क्रीमची वडी घेतली. ती वितळायच्या आत संपवावी लागते, म्हणून नाटकावरचा वाद मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसल्यावर सुरू झाला.

रविवारची सकाळ ओव्हल मैदानाची. हा भाग पायी बघता येतो, त्याचं कारण इतिहासात आहे. १८६०च्या दशकात इंग्रजांनी जुन्या किल्ल्याचे तट पाडले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मोठाल्या सरकारी-सार्वजनिक इमारती जवळजवळ उभ्या राहिल्या. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ची कामं. मनोऱ्यासाठी पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि नाव त्यांच्या आईचं लागलं. पश्चिमेकडे समुद्रात भराव घालून जमीन मिळवल्यावर १९३०च्या दशकात गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारती आल्या. मैदान ओलांडायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पन्नास वर्षं ओलांडून होतात. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवलं. रविवारी कचेऱ्या बंद असल्याने मान वर करून चालता येतं. सांभाळायचं ते फक्त चेंडूंपासून. एकाच वेळी इतके सामने चालतात की कोण कुठल्या चेंडूमागे धावतंय, ते खेळणाऱ्यांनाच ठाऊक.

तिथून काळा घोडा. इथल्या जुन्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. भारतातला सिनेमाचा हा पहिला खेळ. ज्याच्यावरून चौकाचं नाव पडलं, तो राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये हलवला गेला. २०१७ साली नवा घोडा बसवला, पण स्वाराविना. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी एकच दालन बघायचं ठरवलं होतं. “अगं, आलोच आहोत तर...” ह्यांनी सुरुवात केली. मी म्हटलं, “अहो, राणीची बाग आठवा.”

चार वाजता सीएसएमटीला परत. तीस वर्षं या स्टेशनातून येतो-जातो, पण उतरताना बाहेर पडायची घाई आणि परतताना फलाट गाठायची. या वेळी तास हाताशी होता, म्हणून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ ते १८८८ चाललं. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी दगडात कोरलेली पानंफुलं, पशुपक्षी शोधत आम्ही बोटं दाखवत होतो. दाराच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ.

“हे कधी बसवले?” ह्यांनी विचारलं.

“आपण धावत होतो तेव्हापासून आहेत,” मी म्हटलं.