पेठेचा कौल व गांवठाणाची हद्द

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या वाटेवर, जिल्ह्याच्या सीमेलगत, कनेरगांव नाका हें गांव आहे. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि पुढें १९४८ पर्यंत वाशीम एका अमलांत व हिंगोली निजामाच्या अमलांत होती. ग्रामनामांतील 'नाका' हा शब्द वाचकांस त्या सीमेचें स्मरण देईल. रहदारीच्या वाटेवरील वस्ती गांवठाणांत मावेनाशी झाली कीं शेतांत पसरूं लागते. तेथें घर बांधण्याची अनुज्ञा प्रत्येकानें निराळी मागावी, कीं अमुक टापूपुरती ती राज्यानें आधींच देऊन ठेवावी?

प्रश्न नवा वाटतो. उत्तर मात्र आपल्या दप्तरांत आहे. 'कौल' हा शब्द मूळ अरबी, अर्थ वचन. नवी पेठ वसवावयाची तर सरकार प्रथम कौल देई. जागा ठरे, शेटे-महाजन नेमले जात, आणि येणाऱ्या उदमी-कारागिरांस कांहीं वर्षेंपर्यंत मोहतर्फा, जकात, वेठबेगार यांची माफी मिळे. पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या नांवाची सदाशिव पेठ, नाना फडणविसांची हनुमान (मागाहून नाना) पेठ, अशा पेठापेठांनीं पुणें वाढलें. कौल म्हणजे कोणा एकाच्या अर्जावरील हुकूम नव्हे. अजून न आलेल्या, नांवही ठाऊक नसलेल्या माणसास दिलेलें तें वचन होय. व्याकरणाच्या भाषेंत त्यास अधिकारसूत्र म्हणावें: एकदां उच्चारलें कीं पुढील प्रत्येक सूत्रांत त्याची अनुवृत्ति होते. मुदतीपूर्वीं वसूल मागितला तर मात्र रयत उठून जाई, हेंही सरकार जाणून असे.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत २०१७ सालीं ४२-ड हें कलम घालण्यांत आलें. गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आंतील जमीन, रूपांतरण कर, अकृषिक आकारणी व लागू असेल तेथें अधिमूल्य भरल्यावर, निवासासाठीं अकृषिक झालीच असें मानावें, हा त्याचा तेव्हांचा आशय होता. आमच्या मतें हा कौलाचाच वंशज होय; भेद इतकाच कीं, पूर्वज घेणें सोडीत असे आणि वंशज आधीं घेई. घराचा नकाशा मंजूर करून घेणें तर निराळेंच राहिलें.

खरी अडचण पुढेंच होती. २०० मीटर मोजावयाचे कोठून? २४ एप्रिल २०२० रोजीं आरंभिलेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांची मोजणी आकाशांतून ड्रोनद्वारें करण्यांत आली. यंत्रास आजच्या भिंती दिसतात. पांढरी कोठें संपली व काळी कोठें लागली, याचा पूर्वीं झालेला निवाडा हद्दमहजरांत, वाटणीपत्रांत असतो. आणि हेच कागद आपण संग्राहक किरकोळ म्हणून बाजूस टाकितों. राजपत्रांच्या लोभानें आम्हीं स्वतः असे दोन रुमाल एकदां न उलगडतांच परत केले, त्याचा आज पश्चात्ताप होतो.

हिंगोली-वाशीम सीमेवरील गांवांचे मोडी, फार्सी अथवा उर्दू हद्दमहजर ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल, कागदाचें माप व शिक्के यांच्या टिपणासह, मंडळाकडे धाडावी. मूळ कागद आपल्यापाशींच ठेवावे.