नऊ लिटरचा कॉम्प्युटर

रविवारी सकाळी साडेसातला आमच्या स्टुटगार्टच्या घरात मी एकटाच जागा असतो. सांगलीत तेव्हा अकरा वाजलेले असतात (हिवाळ्यात बारा), आणि माझा धाकटा भाऊ नाश्ता आटोपून कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. पुढचे दोन तास आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स 2' खेळतो. शाळेत असताना हाच गेम आम्ही बाबांनी घेतलेल्या पेंटियम 4 वर आळीपाळीने खेळायचो. मे महिन्यात तो तापून बंद पडायचा, म्हणून कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावलेला असायचा. बाबा म्हणायचे, "घरात माणसांना वारा नाही आणि याचे लाड बघा!"

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर फोनवर आम्हा भावांचं बोलणं "जेवलास का? आई बरी आहे ना?" याच्या पुढे जाईना. खेळताना मात्र तो बोलतो. स्क्रीनवर गावकरी लाकडं तोडत असतात आणि हा मध्येच आईच्या शुगरचा रिपोर्ट, ऑफिसमधली कटकट, सातबाऱ्यावर वारसनोंदीचं रखडलेलं काम, सगळं सांगून टाकतो. हे दोन तास मला कशासाठीही सोडायचे नव्हते.

अडचण आली ती आमची लेक जन्मल्यावर. घर दोन खोल्यांचं. जिथे माझा जुना मोठा टॉवर होता, तिथेच पाळणा आला. पंखे घोंघावायला लागले की ती उठायची, पाठोपाठ बायको उठायची. राहिलं फक्त स्वयंपाकघर. तिथे मोठा टॉवर कायमचा ठेवायला जागा नाही. गेमिंग लॅपटॉपचा विचार केला, पण जोर लावला की त्याचे छोटे पंखे जास्तच किंचाळतात, आणि पुढे ग्राफिक्स चिप बदलायची सोय जवळपास नसतेच. म्हणून ठरवलं, की पुस्तकांच्या कपाटात मावेल, एका हाताने उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेता येईल आणि आवाज करणार नाही असा कॉम्प्युटर स्वतः जोडायचा.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी असली, तरी इथे मी पहिलीच चूक केली. आपल्याकडे पीसी जोडताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आधी ठरतं, कॅबिनेट सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत. मीही तसंच केलं. ऑफरमध्ये दिसलेलं दणकट ग्राफिक्स कार्ड मागवलं. लांबी मोजली होती, जाडी मोजायची राहिली. माझ्या डब्यात दोन स्लॉट जाडीचं कार्ड मावतं आणि हे होतं तीन स्लॉटचं! ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न देता परत करायचा हक्क जर्मनीत कायद्यानेच आहे, म्हणून वाचलो. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क आपोआप मिळत नाही, हे इथे नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावं.

छोट्या कॉम्प्युटरचं गणित भारतातून येतानाच्या बॅगेसारखं असतं. 23 किलोची मर्यादा आधी, मग चकली की गोडा मसाला ते ठरवायचं. तसा इथे डबा आधी. साधा टॉवर 40-50 लिटरचा असतो, माझा डबा नऊ लिटरचा, म्हणजे आईच्या मोठ्या कुकरएवढा. डॅनियल हान्सेन या जर्मन डिझायनरने 'डॅन ए4-एसएफएक्स' हा फक्त 7.2 लिटरचा डबा काढला आणि 2016 मध्ये लोकवर्गणीतून तो उत्पादनात आणला. त्यात मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसतात आणि एका लवचीक केबलने जोडलेले असतात. माझ्या डब्याची रचनाही तशीच आहे.

डबा ठरला की मदरबोर्ड आपोआप ठरतो. तो मिनी-आयटीएक्स, 17 बाय 17 सेंटिमीटरचा. हे माप 'व्हीआयए' या तैवानी कंपनीने 2001 मध्ये आणलं. मोठ्या बोर्डापेक्षा तो सहसा महाग पडतो आणि त्यावर रॅमच्या जागा दोनच असतात. त्यामुळे 'आत्ता 16 जीबी घेऊ, पुढे वाढवू' हा आपला आवडता हिशेब चालत नाही. 16-16 च्या दोन पट्ट्या सुरुवातीलाच घेतल्या. एसएसडीची एक जागा बोर्डाच्या खालच्या बाजूला असेल, तर ती बोर्ड बसवण्याआधी भरावी, नाहीतर नंतर सगळं उकलावं लागतं.

मग येते उष्णता. नऊ लिटरमध्ये प्रत्येक वॉट मोजायचा, कारण जेवढे वॉट तेवढी उष्णता आणि जेवढी उष्णता तेवढा पंख्याचा आवाज. म्हणून 65 वॉटचा 'रायझन 5 7600' घेतला, त्यावर ऑस्ट्रियाच्या 'नॉक्टुआ'चा फक्त 37 मिलिमीटर उंचीचा कूलर, आणि 115 वॉटचं 'आरटीएक्स 4060'. 'आरटीएक्स 4090' एकटंच 450 वॉट खातं. आमच्या गावकऱ्यांना लाकडं तोडायला ते कशाला हवं? वीजबिलही बघायला हवं. इथे घरगुती वीज युनिटला साधारण 40 सेंट पडते. आठवड्याला दहा तास खेळणारा माणूस 500 वॉटचं मशीन वापरत असेल, तर वर्षाला शंभरेक युरो नुसत्या विजेचे. पॉवर सप्लाय छोट्या मापाचा, म्हणजे एसएफएक्स, 450 वॉटचा. माझ्या भागांना तो पुरून उरतो, आणि निम्म्या भारावर चालत असल्याने त्याचा पंखा फारसा फिरत नाही.

शांततेचं वेड मात्र खास जर्मन. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करायचा नाही. हॅम्बुर्गजवळच्या एका कंपनीने तर आपल्या पंख्यांच्या आणि पॉवर सप्लायच्या ब्रँडचं नावच 'बी क्वाएट' ठेवलंय!

सगळं जमल्यावर मी उत्साहाने भावाला सांगितलं, "तूही असाच घे, यादी पाठवतो." तो हसला. म्हणाला, "दादा, तुझ्या खोलीत वीस अंश असतात. इथं एप्रिलमध्ये पंख्याखाली बसून घाम गाळतोय मी. त्यात रस्त्याची धूळ, आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही." त्याचं बरोबर होतं. आजूबाजूची हवाच चाळीस अंशांकडे गेली, तर छोट्या डब्याने ती उष्णता टाकायची कुठे? त्याने ऐसपैस कॅबिनेट घेतलं, समोर जाळीची धूळगाळणी असलेलं, दर महिन्याला धुता येईल असं, आणि जोडीला यूपीएस. प्रोसेसर आणि कार्ड मात्र आम्हा दोघांचं एकच. यावेळी झाकण काढून टेबलफॅन लावावा लागणार नाही, एवढं दोघांनीही बघितलं.

गेल्या रविवारी खेळता खेळता तो मध्येच थांबला. "तुझ्याकडनं काहीच आवाज येत नाही. आहेस ना?"

"आहे की."

"आधी नुसती घरघर ऐकू यायची रे. बाबांच्या पीसीसारखी."

मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला. तिची उठायची वेळच झाली होती. ती उठली होती ती आपली आपण, कॉम्प्युटरमुळे नाही. "आण तिला इकडं," भाऊ म्हणाला, "काका कसा जिंकतो ते बघू दे."