शाळेतला सर्व्हर आणि तयार कार्ड

रिसोड किंवा मानोरा तालुक्यातल्या शाळेला स्वाध्याय, चाचण्या आणि गुण एकत्र ठेवायचे असतील, तर ‘मूडल’ ही मुक्तस्रोत प्रणाली विनामूल्य मिळते. मार्टिन डुगियामस यांनी ती २००२ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध केली. मग अडते कुठे? ती बसवताना!

मूडल एकटी चालत नाही. पाने पुरवणारा वेब सर्व्हर, पीएचपी भाषेतल्या आज्ञा राबवणारा प्रोग्रॅम आणि नोंदी सांभाळणारा डेटाबेस, असे तिघे लागतात. त्यांच्या आवृत्त्या मूडलशी जुळल्या नाहीत, तर काम थांबते.

‘मूडलबॉक्स’मध्ये हे सारे आधीच जुळवलेले असते. तो संच मेमरी कार्डावर उतरवून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकात घातला, की संगणक स्वतःचे वाय-फाय सुरू करतो. इंटरनेट नसले तरी वर्गात धडे उघडतात.

वीज अचानक गेल्यास मात्र कार्डावरील नोंदी बिघडू शकतात. म्हणून बॅटरीची जोड द्यावी. गुण डेटाबेसमध्ये असतात, तर मुलांनी पाठवलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये. दोन्हींच्या प्रती दर आठवड्याला दुसरीकडे ठेवाव्यात. मग जाणकार शिक्षकांची बदली झाली, तरी नव्या कार्डावर शाळेचे काम पुढे चालू राहील.