लॅपटॉप घेताना जादा पैसे कशावर टाकायचे?

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या एम. जी. रोडवर एक दृश्य हमखास दिसतं. मुलगी काउंटरवर वाकलेली, आई-वडील एक पाऊल मागे, आणि दुकानदार विचारतोय, ‘आठ जीबी की सोळा? पाचशे बारा की एक टीबी? आय-फाइव्ह की आय-सेव्हन?’ प्रत्येक प्रश्नामागे काही हजार रुपये. वडील मुलीकडे बघतात, मुलगी मोबाइलकडे. त्या काउंटरवर आपण काय विचारायचं, एवढ्यावरच आज बोलू.

आमचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: हा भाग नंतर बदलता येईल का? येणार नसेल तर शक्य तेवढं आजच घ्या. येणार असेल तर आज हात आखडता घेतला तरी चालतो.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. आमच्या घरी एक पातळ, देखणा लॅपटॉप आणला, आठ जीबी रॅमचा. हिशेब असा, की दोन वर्षांनी आणखी आठ टाकू. दोन वर्षांनी मागचं झाकण उघडलं तर रॅमला खाचच नाही! चिपा थेट मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेल्या. आता तो लॅपटॉप असेल तोवर आठच जीबी.

म्हणून रॅमबद्दल जरा सविस्तर बोलू. रॅम म्हणजे कामाचं टेबल. टेबल भरलं की कॉम्प्युटर कागद उचलून कपाटात, म्हणजे डिस्कवर ठेवतो आणि लागले की परत आणतो. ही ये-जा सुरू झाली की आपण म्हणतो, ‘हँग होतोय.’ विंडोज ११ साठी कागदोपत्री किमान अट चार जीबीची आहे, पण तेवढ्यावर काम करायचं तर अंगात संतांची सहनशीलता हवी. टायपिंग, टॅली, ऑनलाइन तास यांना आठ पुरतात, तेही ब्राउझरमध्ये वीस-वीस टॅब उघडे ठेवायची सवय नसेल तर. इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांनी सोळाच्या खाली येऊ नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्या प्रकारचं डिझाइनचं काम चालतं, त्यातल्या सॉलिडवर्क्सची शिफारसच सोळा जीबी किंवा अधिक अशी आहे.

आता खाच आहे की नाही, हे ओळखायचं कसं? मॉडेलच्या माहितीत ‘एलपीडीडीआर’, ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ लिहिलं असेल तर ती रॅम बदलता येत नाही असंच धरून चाला. दुकानात सुरू असलेला लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडिम’ असेल तर खाच आहे, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर चिपा डाग दिलेल्या. काहींमध्ये आठ जीबी बोर्डवर आणि शिवाय एक खाच, असा मधला मार्गही असतो.

‘नंतर टाकू’ या हिशेबात अलीकडे आणखी एक अडचण आली आहे. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी एवढी लागू लागली, की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले. मायक्रॉन कंपनीने त्याच डिसेंबरात ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आजवर नंतरची रॅम स्वस्त पडायची. यापुढे ते गृहीत धरू नका. खाच असली तरी आजचे दोन्ही भाव विचारून बघा.

डिस्कचं उलटं आहे. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपांत एसएसडी बदलता येते, म्हणून ५१२ जीबी पुरे. ती वेगवान पिढीची हवी म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. फाइल उघडणं, टाइप करणं यात तो फरक जाणवत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं मात्र वेगळं. तिथे माहिती शोधायला डोकं जागेवरून हलायचं, त्यातच वेळ जायचा.

प्रोसेसर बदलता येत नाही, मग मोठाच घ्यावा का? इथे आमचं मत थोडं वेगळं आहे. पातळ लॅपटॉपमध्ये आय-सेव्हन लवकर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यातल्या नाशिकच्या दुपारी तर विचारूच नका. आठ जीबीच्या आय-सेव्हनपेक्षा सोळा जीबीचा आय-फाइव्ह आम्ही डोळे मिटून घेऊ. वेगळं ग्राफिक्स कार्ड थ्रीडी डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी. बी.कॉम.च्या मुलाने ते घेतलं तर ते कशासाठी, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. ‘एआय लॅपटॉप’ या शिक्क्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असं आज तरी आम्हाला वाटत नाही. आणि मॅक किंवा स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप घेण्याआधी कॉलेजचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, ते विचारा. सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनतं.

ज्याकडे कुणी बघत नाही तो स्क्रीन. चार वर्षं डोळे त्यावरच असणार. २५० निट्सचा स्क्रीन खिडकीशेजारी फिका पडतो. तीनशेच्या वरचा बघा. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते. चाळीस आणि साठमधला फरक लाइट गेल्यावर कळतो. बॅटरी पुढे बदलता येते, पण बहुधा त्याच आकाराची.

शेवटी पुढच्या रांगेतून आलेला प्रश्न: घरातल्या जुन्या लॅपटॉपचं काय? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर तो बहुधा विंडोज ११ घेतो. त्यात अजून हार्ड डिस्क असेल तर आधी फक्त एसएसडी बसवून बघा. धाकट्याची दोन वर्षं त्यावर सहज निघतात. त्याआधीच्या पिढीचा असेल तर लिनक्स टाकता येईल. फक्त झाकण उघडण्याआधी घरातले फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा.